गाठीखालचा घाव

मी एक जुना टिकाव आहे, मित्रांनो. एका अंगाला टोक, दुसऱ्या अंगाला चपटं पातं आणि मधल्या भोकात ठोकून बसवलेला लाकडी दांडा, एवढाच माझा संसार. मला दोन तोंडं आहेत हे खरं, पण दुतोंडी मात्र मला कुणी म्हणू शकणार नाही. जमिनीला जे सांगायचं ते मी तिच्या पोटात शिरूनच सांगितलं, पाठीमागे कधी बोललो नाही.

माझा जन्म एका मालमोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून झाला. रस्त्याच्या कडेला एका लोहाराची भट्टी होती. लोहार अबोल, पण त्याची सगळी कसर लोहारीण भरून काढायची. भात्याचं चाक फिरवता फिरवता ती म्हणायची, "अहो, अजून एकदा तापवा. घाईत केलेलं हत्यार आणि घाईत जुळवलेली सोयरीक, दोन्ही पहिल्याच दगडाला वाकतात." लोहार मला पुन्हा निखाऱ्यात सारायचा. लालबुंद झालो की ऐरणीवर, ऐरणीवरून पुन्हा आगीत. शेवटी त्याने मला पाण्यात बुडवलं तेव्हा चर्र आवाज झाला आणि भट्टीभर वाफ पसरली. तापल्याशिवाय आकार नाही आणि पाणी पाजल्याशिवाय कणखरपणा नाही, हा पहिला धडा परमेश्वराने मला डोळे उघडायच्या आत दिला.

उमेदीची वर्षं गेली शहरातले रस्ते खणण्यात. आज चर खणायचा, उद्या बुजवायचा आणि परवा दुसऱ्या खात्याची माणसं येऊन नेमकी तीच जागा पुन्हा खणायची. मी तक्रार केली नाही. हत्याराने जागा निवडायची नसते. पण एका पावसात माझा दांडा कुजून मोडला आणि मुकादमाने मला भंगारात फेकलं. डोक्यावर फुटके नळ, पायाशी सायकलींचे सांगाडे, अशा गर्दीत मी गंजत पडलो. 'आपलं झालं' असं मनाशी म्हणत होतो. झालं नव्हतं.

एका सकाळी भंगारवाल्याकडे एक बाई आल्या. उंच, सडसडीत, आणि आवाज असा की तिथल्या पत्र्यांनाही कंप सुटावा. त्यांनी मला गठ्ठ्यातून ओढून काढलं, पात्यावर बोटाने टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"हा खणखणीत आहे. हाच द्या."

"बाई, त्याला दांडा नाही," भंगारवाला म्हणाला.

"दांड्याचं मी बघते. डोकं शाबूत आहे ना? माझ्याकडे सगळे दांडेच जमलेत, डोकं एकालाही नाही."

या होत्या कंडक्टरबाई. सारी हयात शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेल्या. त्यांच्या मार्गाचा शेवटचा थांबा शहराबाहेरच्या राखीव रानाच्या फाटकाशी होता. चालक बस वळवून लावायचा तेवढ्या वेळात त्या दारातल्या पायरीवर उभ्या राहून समोरचा उतार बघत. नोकरीला लागल्या तेव्हा पावसाळा सरता सरता तो सगळा उतार पांढऱ्या फुलांनी भरून जायचा. जमिनीतल्या कंदांतून वर येणारी नाजूक फुलं. बाई त्यांना चांदणफुलं म्हणत. खाली एक झरा होता, झऱ्यावर फुलपाखरं होती. मग वर्षामागून वर्षं खालच्या अंगाने घाणेरी चढत गेली आणि फुलं वर वर सरकत नाहीशी झाली. बसमध्ये आधीच्या उतारूंना दाटीवाटीने मागे रेटणारा एखादा दांडगा प्रवासी असतो ना, तशी ही घाणेरी.

घाणेरी तुम्ही पाहिली असेल. खरखरीत पानं, उग्र वास आणि लाल-पिवळ्या फुलांचे गुच्छ. दिसायला देखणी म्हणून कुणी तरी कधी काळी दूरदेशाहून ती कुंपणाला लावायला आणली. तिचा बिचारीचा दोष नाही. पण पाहुणी म्हणून आली आणि घरच्यांनाच ओसरीवरून खाली उतरवून बसली. तिच्या सावलीत गवत उगवत नाही, गवत नाही तर किडे नाहीत, किडे नाहीत तर पाखरं नाहीत. देवाने मांडलेली पंगत एकट्याने खाऊन टाकावी तसा प्रकार.

निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, आता या शेवटच्या थांब्यावर आपण उतरायचं. मग दर रविवारी त्या रानात जायला लागल्या. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी जाऊ यायची. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती कामाला कमी आणि शेरे मारायला जास्त यायची. चष्म्यांचं दुकान असलेले एक काका होते, ते सगळ्यांचे चष्मेवाले काका. शिवाय कॉलेजातल्या काही मुली, शेजारपाजारचे काही निवृत्त लोक, आणि रानाचा राखणदार. पगार कुणालाच नाही. डबा ज्याचा त्याने आणायचा.

माझ्या आधी तिथे कोयत्याचं राज्य होतं. रानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मला नवा दांडा बसवून टेकवलं, तेव्हा त्या कोयत्यानेच मान खाली घालून मला गेल्या सालची हकिगत सांगितली. मंडळींनी उत्साहाच्या भरात झऱ्याजवळची सगळी घाणेरी जमिनीलगत छाटून काढली. छाटलेल्या फांद्यांचे झऱ्याकाठच्या ओल्या मातीवर नीट ढीग रचले आणि ढिगांसमोर उभं राहून फोटो काढले. मग पाऊस आला. एकेका खोडाला दहा-दहा फुटवे आले. एवढंच नाही, रचलेल्या ढिगांनीही ओल्या मातीत मुळं धरली आणि ढीगच्या ढीग हिरवेगार झाले.

धाकटीने ते बघून कपाळावर हात मारला होता. "ताई, आपण कापणी नाही केली हो. लावणी केली!"

रानाचे अधिकारी साहेब माणूस वाईट नव्हते. पण त्यांना वरून विचारणा होत होती की हा उतार इतका ओंगळ का. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, "बाई, तुमच्या हौसेला माझा नमस्कार. पण हे हाताने होणारं काम नाही. मी यंत्र लावून सगळा उतार खरवडून काढणार आणि वर हिरवळ अंथरणार."

"खरवडलंत तर कंदही जातील, साहेब. ते वरच्या वीतभर मातीतच असतात."

"कंद उरलेत कशावरून? कित्येक वर्षांत एक फूल दिसलं नाही."

"झोपलेला माणूस दिसला नाही म्हणून घर रिकामं आहे असं म्हणतात का?"

साहेब हसले. "बरं. एक पावसाळा देतो. तोवर खालचा झऱ्याचा पट्टा तरी मोकळा करून दाखवा. नाही जमलं तर यंत्र येणार, मग माझ्यावर रागवायचं नाही."

झालं! एका पावसाळ्यात सिद्ध करायचं होतं की माती जिवंत आहे. त्याच आठवड्यात बाई भंगारवाल्याकडे आल्या होत्या. त्या मला शोधायला का आल्या, तेही ऐका.

उताराच्या एका कडेला पावसाने माती ढासळली होती आणि घाणेरीचं एक मोठं झुडूप खडकावर उलटं होऊन पडलं होतं, डोकं खाली, मुळं आभाळाकडे. आजूबाजूची सगळी झुडपं तरारलेली, आणि हे एकटं वाळून काडी झालेलं. बाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"ही का मेली?"

"हिला दुःख झालं असेल," चष्मेवाले काका म्हणाले.

"तुमच्या चष्म्यातून दुःखही दिसतं वाटतं?" धाकटी म्हणाली. "मग मलाही एक द्या. आमच्या घरात बघायचंय कुणाला कुठे दुखतंय ते."

बाईंचं लक्ष नव्हतं. त्या मुळाला हात लावून बघत होत्या. खोड आणि मूळ जिथे भेटतात तिथे एक जाड गाठ असते. गेल्या सालचे सगळे फुटवे त्या गाठीतूनच आले होते. या झुडपाचं मूळ गाठीच्या खाली तुटलं होतं, आणि गाठ हवेत वाळून गेली होती. बाई उठल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि बसभर ऐकू जावं अशा आवाजात म्हणाल्या, "आपण आजवर वरच्या मजल्यावर भांडत होतो. मालक तळघरात राहतो!"

तळघरात कोयता पोचत नाही. तिथे माझंच काम. मित्रांनो, त्या रविवारी मी पहिल्यांदा अशी जमीन खणली जी पुन्हा बुजवायची नव्हती, जागी करायची होती. टोकाने झुडपाभोवतीची माती मोकळी करायची, गाठ उघडी पाडायची, मग चपटं पातं गाठीखाली घालून एकच घाव. मूळ कड्कन तुटायचं. मग सगळ्यांनी मिळून झुडूप उचलायचं आणि खडकावर नेऊन उलटं ठेवायचं. बाईंनी त्यावर एक गाणंच रचलं. सूर त्यांचा सरळ नव्हता, पण ठेका पक्का होता:

"वर वर छाटू नका हो, खाली वाका, गाठ शोधा,
गाठीखाली घाव घाला, उलटं ठेवा, पुढे चला!"

'पुढे चला' आलं की सगळे एक पाऊल वर सरकत. बाईंनी उभी हयात लोकांना पुढे सरकवलं होतं; तो सराव उगाच नव्हता गेला.

मी जमिनीत शिरत असताना एक विचार माझ्या लोखंडी डोक्यात यायचा. माणसाचं मनही असंच रान. राग, हेवा, मोठेपणाची हाव, ही तिथली घाणेरी. माणूस वरवर छाटतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, झालो बुवा शांत! पण गाठ जिथल्या तिथे, चार शिंतोडे पडले की दहा फुटवे. गाठीखाली घाव घालायला वाकावं लागतं, आणि वाकायलाच तर माणसाला जड जातं.

काम मात्र सरळ चाललं नाही. चष्मेवाले काका उत्साहात चांगली रोपंही उपटायचे. एकदा त्यांनी देशी करवंदीचं कोवळं रोप उपटून अभिमानाने बाईंपुढे धरलं. "बघा, मुळासकट!"

"वा! भाडेकरू सोडून घरमालकालाच बाहेर काढलंत," बाई म्हणाल्या. "काका, तुमच्या दुकानात स्वतःच्या चष्म्याला सूट नाही का मिळत?" काकांनी ते रोप खाली ठेवलं नाही. तिथेच गुडघे टेकून ते पुन्हा लावलं, आणि त्यानंतर दर रविवारी स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याला घातलं. ते रोप जगलं. चूक झाल्यावर वाकणारा माणूस मला फार आवडतो.

आणखी एक गंमत झाली. पट्टा साफ होत आला तेव्हा एका झुडपात बुलबुलाचं घरटं निघालं, त्यात अजून डोळे न उघडलेली पिल्लं. मी उगारलेला होतो. धाकटीने दांड्यालाच मिठी मारली.

"ताई, थांबा! बाळंतिणीच्या खोलीत टिकाव घेऊन जातात का कुणी?"

"अगं, झुडूप घाणेरीचंच आहे."

"असू दे. पिल्लांना काय कळतंय घर कुणाच्या नावावर आहे ते?"

बाई वाकून घरट्यात डोकावल्या. मग मला खाली टेकवून म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. हे राहू दे. पिल्लं उडाली की मग. आणि शेजारी करवंदी लावू, म्हणजे पुढच्या वेळी त्यांना भाड्याचं घर नको." त्या दिवसापासून शेरे मारायला येणारी धाकटी त्या झुडपाची राखण करायला येऊ लागली. मी मनात म्हटलं, हिच्यातही एक कंद आहे बरं का, फक्त पावसाची वाट बघतोय.

मग पाऊस आला, पडला, आणि सरत आला. मोकळ्या केलेल्या पट्ट्यात आधी गवताची कोवळी पाती आली. साहेब येऊन बघून गेले. आणि एका सकाळी राखणदाराने फाटकातूनच हाक मारली, "बाई, लवकर या!"

झऱ्याच्या वरच्या अंगाला चांदणफुलं आली होती. फार नव्हती, पण जिथे घाणेरीचं गच्च जाळं होतं, तिथेच होती. इतकी वर्षं अंधारात पडून राहिली, वर कुणी आपली आठवण काढतंय की नाही याची विचारपूसही न करता. परमेश्वर देतो ते कधी कधी असं झाकून ठेवतो. आपण फक्त झाकण काढायचं असतं. कंडक्टरबाईंनी खाली बसून एका फुलाजवळ नुसता हात धरला, दिव्याभोवती धरतात तसा.

साहेबांनी यंत्राचा बेत रद्द केला. आणि मित्रांनो, इथेच माझी खरी परीक्षा सुरू झाली. हार पचवणं सोपं. कौतुक पचवायला लोखंडाचं पोट असूनही मला जमलं नाही.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्या रुग्णालयात गेल्या, आणि इकडे कुणाला तरी कल्पना सुचली की या टिकावाचा सत्कार करू. मला घासूनपुसून चंदेरी रंग दिला. दांड्याला चकचकीत रोगण लावलं. फाटकाजवळच्या माहिती केंद्रात भिंतीवर दोन खिळ्यांवर मला टांगलं आणि खाली पाटी लावली: 'रान वाचवणारा टिकाव. कृपया हात लावू नये.' भाषणं झाली. आलेली मंडळी माझ्याखाली उभी राहून फोटो काढत. मीही फुशारलो. वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

पण माझ्या समोरच एक खिडकी होती, आणि खिडकीतून उतार दिसायचा. बाई नाहीत म्हणून एक रविवार बुडाला. मग दुसरा. मग लोक म्हणू लागले, "आता काय, झालंच की काम." घाणेरीची फळं पाखरांनी खाल्ली होती, बिया जिथे तिथे पडल्या होत्या. आधी बोटभर रोपं दिसली, मग हातभर. बोटभर असताना चिमटीने उपटता आली असती. मला सगळं दिसत होतं आणि हलता येत नव्हतं. माझ्या टोकावर कोळ्याने जाळं विणलं. पाटीवरची अक्षरं मात्र कुणी तरी रोज पुसायचं. असा सन्मान कुणाच्या वाट्याला येऊ नये, मित्रांनो. गंज दिसतो तरी. चंदेरी रंगाखाली गंजत जाणं कुणाला दिसत नाही.

वर्ष उलटलं आणि उन्हाळा तापला. एके दिवशी साहेब एका ठेकेदाराला घेऊन माझ्याच खाली उभे राहिले. "बघा, सगळं परत आलं. मी आणखी किती वेळ सांभाळणार? सोमवारी यंत्र आणा. सगळा उतार खरवडून घेऊ."

सोमवारी! खाली मातीत कंद झोपलेले, आणि वर एक फूल नाही, पान नाही, साक्ष द्यायला काही नाही.

ही बातमी राखणदाराने बाईंच्या घरी पोचवली. दुसऱ्याच सकाळी त्या काठी टेकत, धाकटीचा हात धरून माहिती केंद्रात आल्या. मला बघितलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग काठीने पाटीकडे बोट दाखवलं.

"हे काय सोंग? कुणी केलं याचं हे?"

"सत्कार केला, बाई," राखणदार चाचरत म्हणाला.

"सत्कार? जिवंत माणसाचा फोटो हार घालून भिंतीला लावलात आणि त्याला सत्कार म्हणता? काढा त्याला खाली."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "बाई, ती प्रदर्शनातली वस्तू आहे."

"साहेब, तो कामाचा गडी आहे. त्याला तुम्ही शोभेच्या खुर्चीत बसवलंत आणि इकडे रान गेलं. मला सोमवारपर्यंत वेळ आहे ना? मग तेवढा माझा."

"तुम्हाला नीट उभं राहता येत नाही. माणसं कुठे आहेत तुमची?"

"येतील."

"आणि नाही आली तर?"

"तर यंत्राच्या पुढे मी बसेन. बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही."

धाकटीने स्टुलावर चढून मला खाली काढलं. शेडमध्ये नेऊन दोघींनी माझ्या पात्यावरचा रंग दगडाने घासून काढला. प्रत्येक घासणीसरशी मला लोहाराची भट्टी आठवत होती. मग कानशीने धार लावली, सैल झालेली पाचर ठोकली, आणि बाईंनी मला धाकटीच्या हातात दिलं.

"मी? ताई, मी आजवर फक्त बोलायचं काम केलंय."

"तेच तर. इतकी वर्षं जिभेला धार लावलीस, आता याची वापर."

बाई उतारावर घमेलं पालथं घालून त्यावर बसल्या आणि हाका मारू लागल्या. धाकटीचा पहिला घाव दगडावर बसला, दुसरा स्वतःच्या चपलेशेजारी. "पाय वाचव गं, अजून लागतील ते!" बाई ओरडल्या. तिसरा गाठीखाली बसला. मूळ तुटल्याचा कड्कन आवाज आला, तशी धाकटी थबकली आणि स्वतःशीच हसली. तो आवाज एकदा ऐकला की माणूस सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

बाईंनी एकेकाला फोन लावले. कुणाला विनवणी नाही, उपदेश नाही, नुसतं, "झऱ्यावर आहे मी. येतोस ना?" चष्मेवाले काका दुकान बंद करून आले. दारावर चिठ्ठी लावून आले होते म्हणे: 'आज लांबचं नीट बघायला गेलो आहे.' कॉलेजातल्या मुली आल्या. काही ओळखीचे आले नाहीत, आणि ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं असे काही आले. हाताला फोड आले. धाकटी दुपारी डबा उघडायलाही बोटं वळत नाहीत म्हणून कुरकुरली आणि जेवून पुन्हा मला उचलून निघाली. पहिला पट्टा जिथून सुरू केला होता तिथूनच पुन्हा सुरुवात झाली, आणि झऱ्याभोवती मोकळी जमीन दिसू लागली. वरचा भाग मात्र तसाच होता. सगळं होणार नाही, हे रविवारी संध्याकाळी सगळ्यांना कळलं होतं.

सोमवारी यंत्र आलं. पिवळं, अजस्र, दात पुढे काढलेलं. त्याच्या एका घासात माझं वर्षभराचं काम मावलं असतं. मला त्याचा राग आला नाही. तेही आपल्यासारखंच लोखंड, कुणी तरी पाठवलं म्हणून आलेलं. साहेब उतारावरून खाली बघत उभे राहिले. खालचा पट्टा मोकळा, वर घाणेरी, मध्ये घामाने निथळणारी माणसं.

"बाई, अर्धंसुद्धा झालेलं नाही."

बाई काठीवर भार देऊन उठल्या. "नाही झालं."

"आणि या मोकळ्या जमिनीत तरी काय आहे? मला नुसती माती दिसते."

"कंद आहेत. झोपलेत. खणून दाखवले तर तुमची खात्री पटेल, पण ते मरतील. म्हणून मी दाखवणार नाही. मागच्या साली तुम्ही फुलं बघितलीत. त्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा."

"अहो, पण हे असं किती वर्षं चालायचं? तुम्ही उपटायचं, तिने उगवायचं!"

"ती जितकी वर्षं उगवेल तितकी. ती थकत नाही, साहेब, मग आम्ही का थकायचं? गेल्या साली आम्हाला वाटलं काम संपलं. संपतं ते काम नव्हे, आणि संपलं असं वाटलं तिथेच ते बुडालं. घर एकदा झाडलं म्हणून केरसुणी कुणी जाळून टाकत नाही."

तेवढ्यात धाकटी पुढे आली. तिचे दोन्ही तळवे फडक्याने बांधलेले होते. तिने मला साहेबांपुढे धरलं. "साहेब, एकदा तुम्ही मारून बघा. गाठीखाली. मग ठरवा."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि मला हातात घेतलं. मऊ तळवे होते, पण पकड खोटी नव्हती. पहिला घाव वाया गेला, दुसराही. मुली तोंडावर हात धरून हसल्या. तिसऱ्याला मूळ तुटलं. साहेब दम घेत उभे राहिले, मग स्वतः ते झुडूप ओढत खडकापर्यंत नेलं आणि उलटं ठेवलं.

यंत्रावरच्या चालकाने वाकून विचारलं, "साहेब, इंजिन चालू ठेवू की बंद करू?"

साहेबांनी उताराकडे बघितलं, आणि बाईंकडे.

"बंद करा."

मग बाईंना म्हणाले, "पण एक सांगतो. रविवार चुकवलात तर मी पुन्हा मागवीन."

"चुकवणार नाही. तुम्हीही चुकवू नका. आणखी एक कुदळ आहे शेडमध्ये."

त्याला आता बरीच वर्षं झाली. वरचा उतार एका सालात मोकळा झाला नाही, दोनात नाही. अजूनही एक कोपरा बाकी आहे, आणि मोकळ्या केलेल्या जागी दर पावसाळ्यानंतर घाणेरीची बोटभर रोपं डोकावतातच. पण आता ती बोटभर असतानाच चिमटीत सापडतात. कंडक्टरबाई फार चालत नाहीत. सावलीत खुर्ची टाकून बसतात आणि नव्या माणसांना गाठ कुठे असते ते दाखवतात. माझा दांडा पुन्हा एकदा बदलला, टोक झिजून आखूड झालं, पातं अरुंद झालं. भिंतीवरचे ते दोन खिळे रिकामेच आहेत.

म्हणून मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. तुमच्या घरात, शाळेत, शेडमध्ये माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात पडला असेल तर त्याला रंग लावू नका, धार लावा. दांडा हलत असेल तर पाचर ठोका. काम झाल्यावर माती पुसून, चार थेंब तेल लावून कोरड्या जागी ठेवा. आणि तुमच्या गावाच्या कडेला जे थोडंफार रान उरलं असेल, तिथे एकदा जाऊन टाळ्या वाजवून येऊ नका. पुन्हा जा. पाखरांची घरटी बघून जा, चांगलं रोप ओळखून जा, चुकलात तर गुडघे टेकून ते परत लावा, पण पुन्हा जा.

आता पुरे. आज रविवार आहे. शेडचं दार उघडतंय आणि बाहेरून धाकटीचा आवाज येतोय, "अहो काका, गप्पा नंतर, आधी टिकाव कुठाय तो सांगा!"